भिंतींचा पावसाळा : कूड, झाप आणि ‘कच्च्या’ घराचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/ घरांचा इतिहास सांगताना आपण बहुधा छपराविषयी बोलतो. कौल कधी आले, पत्रा कधी आला, स्लॅब कधी पडला. परंतु कोकणात पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या झडीत छप्पर शाबूत राहते आणि भिंत मात्र फुगते, ओघळते, एखाद्या रात्री बसते. म्हणून इथल्या लोकांनी भिंतीलाही दरवर्षी बदलता येईल असे आवरण दिले. ते आवरण, ते स्वतःच्या हातांनी बदलणारी माणसे आणि पुढे कायद्याने व सरकारी नोंदींनी त्याचे काय केले, हा या थ्रेडचा विषय आहे.

२/ प्रथम शब्द. ‘कूड’ म्हणजे काटक्या, कारवी किंवा बांबू उभे बांधून त्यांवर माती-शेण लिंपलेली भिंत. ‘झाप’ म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेला पडदा. ‘झड’ हा शब्द आडव्या येणाऱ्या पावसाला आहे, आणि काही भागांत त्या पावसाला अडवणाऱ्या गवती आवरणालाही. ‘शाकारणी’ म्हणजे पावसाळ्यापूर्वी घर गवत-पेंढ्याने नव्याने झाकणे. एकाच कामाभोवती इतके शब्द जमले, यावरूनच ते वर्षाच्या क्रमात किती मुरलेले होते हे लक्षात येते.

३/ कुडाचा सांगाडा साधा असतो. जमिनीत रोवलेल्या मेढी, त्यांना आडव्या बांधलेल्या काठ्या आणि त्या काठ्यांना उभी दाटीने बांधलेली कारवी. वर चिखल, शेण आणि भाताचा तूस किंवा कोंडा यांचा गिलावा. भार मेढी पेलतात, भिंत पेलत नाही. त्यामुळे कुडाचा एखादा भाग कुजला तर तेवढाच सोडवून नवा बांधता येतो आणि छप्पर जागचे हलत नाही. दुरुस्तीची सोय मूळ रचनेतच असते.

४/ कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवरचे झुडूप. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलते, बी धरते आणि वाळते. फुलोऱ्यानंतर डोंगरभर सरळ, वाळलेल्या काठ्या उरतात. एरवीही ती तोडली जाई, पण मोठ्या फुलोऱ्यानंतर काठ्यांची रेलचेल होई. म्हणजे घराच्या भिंतीला दोन पंचांगे होती : लिंपण आणि झाप यांचे वर्षाचे, आणि कारवीचे सात-आठ वर्षांचे.

५/ आता कुडाचे शत्रू पाहू. पहिला, वाऱ्याने थेट भिंतीवर आदळणारा पाऊस. त्याचा मारा विशेषतः दक्षिण आणि पश्चिम अंगाला. दुसरा, पागोळ्यांचे पाणी जमिनीवर पडून उसळते ते. त्याने भिंतीचा तळाचा हातभर भाग भिजत राहतो. तिसरा, भिंतीत शिरलेला आणि बाहेर पडू न शकणारा ओलावा. किनारपट्टीवर वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मातीच्या लिंपणाला सुकायला उसंत मिळत नाही.

६/ यावर उपाय झापांचा. माडाची झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरायची, दोन्ही भाग काही दिवस पाण्यात भिजत ठेवायचे, मग पाती एकमेकांत विणायची. भिजवल्याने पाती लवचीक होतात आणि विणताना तुटत नाहीत. नंतर वाळवून रचून ठेवायचे. हे सारे उन्हाळ्याचे काम. रोहिणी नक्षत्र लागले की झाप बांधायला काढायचे आणि मृगाच्या आत घर झाकून व्हायला हवे, असा हिशेब.

७/ बांधणीचाही क्रम ठरलेला. पहिली ओळ खाली, दुसरी तिच्यावर थोडी चढवून आणि अशा रीतीने वळचणीपर्यंत. वरच्या ओळीचे पाणी खालच्या ओळीच्या बाहेरच्या अंगावर पडते, आत शिरत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की झाप भिंतीला चिकटवत नसत. बांबूच्या चौकटीमुळे मध्ये थोडी मोकळी जागा राही. पाऊस झापावर अडे, आतून हवा खेळे आणि कूड कोरडा राही. आजच्या इमारतींतही बाह्य आच्छादन आणि भिंत यांच्यामध्ये मुद्दाम पोकळी ठेवतात, ती याच कारणासाठी.

८/ पण सारे काम मृगाआधी उरकत नाही. श्रावणातल्या एखाद्या वादळी रात्री झाप उडतात, कुडाचा कोपरा सुटतो. मग भर पावसाळ्यात भिंत बदलण्याची वेळ येते. त्याची रीत अशी : उघडीप पाहून कामाला लागायचे, एका वेळी दोन मेढींमधला एकच गाळा उघडायचा, आधी बाहेरचा आडोसा उभा करायचा आणि मग कुजलेली कारवी काढायची, ओल्या भिंतीवर लिंपण करायचे नाही, तात्पुरता झाप लावून दिवाळीनंतरच्या उन्हाची वाट पाहायची. ज्याने उन्हाळ्यात चार झाप जास्तीचे विणून ठेवले, त्याची रात्र निभावे.

९/ हे केवळ गरिबांचे तंत्र होते, असा समज मात्र करून घेऊ नये. जांभा दगड सच्छिद्र असतो, झडीत पाणी पितो. म्हणून जांभ्याच्या ऐसपैस घरांच्या पडव्यांनाही झाप लागत. महाबळेश्वर-पाचगणीच्या मुसळधार पावसात बंगल्यांना आणि दुकानांना गवताच्या झडी बांधण्याची रीत होती. गोव्यातही मातीच्या भिंतींना माडाच्या विणलेल्या चुडतांचा आडोसा केला जाई. फरक एवढाच की श्रीमंताच्या घरी झाप दगडी भिंतीचे रक्षण करी आणि गरिबाच्या घरी साऱ्या घराचेच.

१०/ याच पानांखाली मुंबईही राहत होती. १६७३ मध्ये भारतात आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याचे प्रवासवृत्त १६९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मुंबई म्हणजे माडाच्या पानांनी शाकारलेल्या ठेंगण्या घरांची वस्ती. अपवाद पोर्तुगिजांनी मागे ठेवलेल्या आणि कंपनीने बांधलेल्या मोजक्या इमारतींचा. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या तावदानांचा उल्लेखही तो करतो.

११/ हे काम करी कोण? घरचीच माणसे आणि सावडीने आलेले शेजारी. आज तुमच्या घरी, उद्या आमच्या घरी. मोबदला श्रमाचा श्रमाने. मेढी रोवणे आणि उंचावरची बांधणी बहुधा पुरुषांची. माती मळणे, लिंपणे, सारवणे हे काम बहुतेक स्त्रियांचे. भिंतीची खरी देखभाल या दुसऱ्या कामावर अवलंबून असे, कारण भेग लहान असतानाच ती बुजवणारा हात रोज भिंतीवरून फिरत असे. गवंड्याची मजुरी हिशेबात दिसते. सारवणाचे श्रम कोणत्याच वहीत नोंदले गेले नाहीत.

१२/ एकोणिसाव्या शतकात साहित्य बदलू लागले. लंडनमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौले गलबतांतून किनाऱ्याने वर सरकली. गवती छपराला आगीचे भय असे, ते कमी झाले. दरवर्षी शाकारण्याऐवजी कौले परतणे एवढेच काम उरले. मात्र छप्पर टिकाऊ झाले तरी भिंतीची बाजू पूर्वीइतकीच उघडी होती. कौलाखालच्या कुडाला झाप लागतच राहिला.

१३/ खरा पेच दुसरीकडून आला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची आखणी पक्की केली. त्याची जागा घेणाऱ्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील व्याख्या वाचण्याजोग्या आहेत. त्यांत ‘झाड’ या शब्दात ताड-माडवर्गीय वृक्ष, बांबू, झुडपे आणि वेतही येतात. जंगलातून आणलेले गवत, वेली, बोरू आणि पाने ही ‘वनोपज’ ठरतात. ही यादी कुडाच्या शेजारी ठेवून पाहा. मेढ, कारवी, बांधायची वेल, शाकारायचे गवत : जंगलातून आणलेली जवळजवळ सारी भिंत या व्याख्येत सामावते. ही सामग्री आणायची तर आता परवानगी हवी, नाहीतर रखवालदाराची मर्जी.

१४/ ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत हा संघर्ष ‘राबा’वरून पेटला. भाताच्या रोपवाटिकेसाठी फांद्या, पाने, गवत जाळून जमीन भाजण्याची ही पद्धत वनखात्याला खटकत होती. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याने गायरान-डोंगर घेतल्याने शेतकऱ्याची झालेली कोंडी मांडली, ती याच काळातली. इतिहासलेखनात राबाची चर्चा पुष्कळ झाली. पण ज्या डोंगरातून राब येई, त्याच डोंगरातून भिंतही येई. तिच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

१५/ याच सुमारास घरांची प्रतवारी कागदावर येऊ लागली. रत्नागिरीचे गॅझेटियर १८८० चे, ठाण्याचे १८८२ चे, कुलाब्याचे १८८३ चे. घर कशाचे, यावरून घरातल्या माणसाची ऐपत ओळखण्याची नजर या ग्रंथांत दिसते. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या जनगणनेत भिंत आणि छपराच्या साहित्याची घरोघर नोंद झाली. ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ हे बोलीतले जुने शब्द अशा रीतीने सरकारी वर्ग बनले. बोलीत ‘कच्चे’ म्हणजे पुन्हा करावे लागणारे. सरकारी तक्त्यात त्याचा अर्थ झाला उणे असलेले.

१६/ इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कुडाच्या घराचे गोडवे गाणे सोपे आहे, विशेषतः सिमेंटच्या घरात बसून. कुडात वाळवी लागते, साप-विंचू शिरतात, गवताला आग लागते, आजारपणात किंवा म्हातारपणी दरवर्षीचे श्रम झेपत नाहीत. एकट्या स्त्रीला मेढ रोवायला माणूस मिळत नाही. पक्के घर हवे, ही मागणी त्या घरांत राहणाऱ्यांचीच होती आणि ती रास्त आहे. प्रश्न एवढाच की बदल घडताना त्यांच्या हाती निवड किती होती.

१७/ इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये आली, प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये. दुसरीत किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर अपेक्षित आहे आणि पात्रतेचा पाया सुरुवातीला २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातिगणनेचा होता. त्या गणनेत गवत-बांबूची भिंत आणि प्लास्टिकच्या कागदाची भिंत, दोन्ही ‘कच्च्या’च. मदत पोहोचवण्यासाठी अशी सरसकट रेषा उपयोगी पडते, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले तंत्र आणि नाइलाजाने टांगलेला कागद यांतला भेद त्या रेषेखाली पुसला जातो.

१८/ कायद्याची चाके थोडी उलटीही फिरली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर वननिवासींचा हक्क मान्य केला. त्या आधारे २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला बांबू वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ मध्ये १९२७ च्या अधिनियमातील ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू मोकळा झाला. भिंतीचे साहित्य लोकांच्या हाती परत येण्याच्या दिशेने ही पावले होती, परंतु तोवर अनेक गावांत ती भिंत बांधणारे हात थकले होते.

१९/ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. कौले आणि पत्रे उडाले, माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अवघ्या आठवड्याभरात मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला. टाळेबंदीचे दिवस, मजूर नाहीत, बाजार अर्धे बंद. घरे झाकायची ती स्वतःच. लोकांनी ताडपत्र्या ताणल्या. ‘ताडपत्री’ म्हणताना कानाला ताडाचे पान ऐकू येते. वस्तू मात्र प्लास्टिकची. ती लवकर लागते, पाणी अडवते. पण भिंतीला घट्ट गुंडाळली तर आतली ओल आतच कोंडते, आणि मातीच्या भिंतीला हे कोंडलेले पाणी पावसाइतकेच घातक.

२०/ या साऱ्यातून मला दिसते ते असे. दरवर्षी बदलावी लागते म्हणून ती भिंत दुबळी नव्हती. बदलता येते हेच तिचे बळ होते. त्या बळाला तीन आधार लागत : डोंगरावरचा हक्क, सावडीचा शेजार आणि लिंपणारा हात. हक्क कायद्याने आकसला, शेजार शहरांकडे गेला, हाताच्या कामाला मोल राहिले नाही. त्यानंतर मागे राहिलेल्या घराला आपण ‘कच्चे’ म्हणालो आणि दोष कारवीला दिला.

२१/ हा इतिहास दफ्तरखान्यात कमी आणि माणसांच्या आठवणीत जास्त आहे. आपल्या आजी-आजोबांच्या गावी या आवरणाला काय म्हणत, ते कशाचे करीत, कोणत्या नक्षत्राआधी बांधीत आणि कोणत्या वर्षापासून बंद झाले, हे त्यांना विचारून अवश्य लिहावे. गाव आणि तालुका नोंदवल्यास उत्तम. शब्द जसा ऐकला तसाच लिहावा. प्रमाण भाषेत सुधारू नये.