दाबमापकाची साक्ष : जळगावच्या बाष्पकापासून धुळ्याच्या हमरस्त्यापर्यंत

खानदेशात दाबमापक आला तो मोटारीच्या कितीतरी आधी, कापसाच्या उद्योगाबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली व तेथील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाफेवर चालू लागले. बाष्पकांवरील दाबमापकाची प्रचलित रचना बूर्दों या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ मध्ये सिद्ध केली होती. वाकविलेली पोकळ नळी दाबाने उलगडू पाहते आणि काटा सरकतो. नळी चोंदली तर मात्र काटा खोटी साक्ष देतो.

मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे राजमार्ग धुळ्यास मिळतात. डिझेल इंजिनाची परीक्षा पूर्वी बव्हंशी धुराच्या रंगावरून होई. काळा धूर अपुऱ्या हवेचा वा अधिक इंधनाचा आणि निळा जळणाऱ्या वंगणाचा द्योतक मानला जाई. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले, डिझेल मोटारींच्या धूरमार्गात काजळीची गाळणी रूढ झाली आणि डोळ्यांना दिसणारे हे चिन्हच लोपले. त्याची जागा संवेदकाने घेतली. गाळणीच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक त्यास बारीक नळ्यांवाटे कळतो. फरक वाढला की काजळी साचली, असे अनुमान करून नियंत्रक सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानास ती जाळवितो.

नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान केले. परंतु हेतूच सदोष असेल तर अनुमान ढासळते. ‘सेन्सर गेला’ या नित्याच्या उद्गारात सूचक व सूचित यांची हीच गल्लत होते. दोषसंकेत संशयाचे स्थान दाखवितो, अपराधी नव्हे.

म्हणून तपासाला क्रम हवा. इंजिन बंद ठेवून केवळ किल्ली फिरविली असता दाबांतील फरक शून्याजवळ दिसला पाहिजे. तसा न दिसल्यास संवेदक वा त्याची तारजोडणी संशयास्पद ठरते. शून्य बरोबर असून इंजिनाची गती वाढविल्यावरही फरक हलत नसेल, तर नळी तडकलेली, निसटलेली किंवा काजळी व ओलाव्याने चोंदलेली असण्याचा संभव अधिक. ती संवेदकापासून सोडवूनच फुंकावी, अन्यथा हवेच्या झोताने संवेदक निकामी होतो. पुन्हा जोडताना नळ्यांची अदलाबदलही होऊ नये. हे सारे निर्दोष असून फरक मोठाच राहिला, तरच गाळणी खरोखर भरली असे म्हणता येईल.

हा क्रम डावलला की दोन अनर्थ संभवतात. किरकोळ नळीपायी महागडी गाळणी बदलली जाते. अथवा साक्षीवरचा विश्वासच उडून गाळणी काढून टाकली जाते आणि काजळी पुन्हा गावाच्या श्वासात मिसळते. साक्षीदार खोटा ठरविण्यापूर्वी त्याच्यापर्यंत वार्ता नीट पोहोचली काय, हे पाहणे बाष्पकाच्या काळी आवश्यक होते आणि आजही आहे.