दांड्यानं मोजायचं कपाट

जपानी भाषेत वस्तू मोजताना नुसता आकडा चालत नाही. माणसं मोजायची तर आकड्याला एक शब्द जोडायचा, कागदासारख्या सपाट वस्तूंना दुसरा, पेन्सिलीसारख्या लांबट वस्तूंना तिसरा. आपण 'पाच जण' आणि 'पाच नग' म्हणतो तसंच, फक्त त्यांची यादी बरीच लांब आहे. या यादीत खणांच्या लाकडी कपाटासाठी, म्हणजे 'तान्सु'साठी, एक खास शब्द आहे: साओ. एक कपाट म्हणजे 'हितो-साओ', दोन कपाटं म्हणजे 'फुता-साओ'.

साओ म्हणजे दांडा. कपडे वाळत घालायची काठीसुद्धा साओच.

घराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या चौकोनी कपाटाचा दांड्याशी काय संबंध? उत्तर जुन्या तान्सुच्या दोन्ही बाजूंना सापडतं. तिथे लोखंडी कड्या बसवलेल्या असतात. त्या वर ओढल्या की कपाटाच्या माथ्यावर येतात. त्यांतून दांडा घालायचा आणि दोघांनी पुढे-मागे खांद्यावर घेऊन चालू लागायचं. कपड्यांचे तान्सु तर बऱ्याचदा दोन भागांत बनवायचे, एकावर एक ठेवलेले, म्हणजे उचलताना वेगळे करता येतात. हे फर्निचर बनवणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून एक गोष्ट गृहीत धरली होती: हे कधीतरी घाईघाईत घराबाहेर काढावं लागणार आहे.

कारण घर जळणार होतं.

चाकं असलेल्या पेट्या

एदो, म्हणजे आजचं टोकियो, सतराव्या शतकात झपाट्यानं वाढलं. लाकडाची घरं, कागदाच्या सरकत्या भिंती, जमिनीवर गवती चटया आणि हिवाळ्यात कोरडा वारा. आगी इतक्या नेहमीच्या की 'आग आणि भांडण ही एदोची फुलं' अशी म्हणच पडली. श्रीमंत व्यापारी जाड मातीच्या भिंतींची कोठारं बांधत, त्यांना 'कुरा' म्हणत. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्याकडे 'नागामोची' असे, झाकणाची लांबलचक पेटी. घरातले कपडे, अंथरुणं, किडुकमिडुक सगळं तिच्यात. भरलेली पेटी उचलणं कठीण, म्हणून कुणीतरी तिला खाली चाकं लावली. आग लागली की पेटी ढकलत रस्त्यावर आणायची आणि पळायचं. डोकेबाज उपाय होता, आणि तो लोकप्रिय झाला.

२ मार्च १६५७ ला एदोमध्ये आग लागली. ती तीन दिवस धुमसत राहिली आणि निम्म्याहून जास्त शहर खाऊन गेली. मृतांचा आकडा एक लाखापर्यंत सांगितला जातो. शोगुनच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा जळाला आणि परत कधीच बांधला गेला नाही. त्याचा दगडी चौथरा आजही टोकियोच्या राजवाड्याच्या पूर्व बागेत आहे.

त्या दिवसांत हजारो कुटुंबांनी एकच शहाणपणाची गोष्ट केली. चाकांच्या पेट्या बाहेर काढल्या. गल्ल्या पेट्यांनी भरल्या, चौकात पेटीला पेटी अडकली, मागून येणाऱ्या माणसांना पुढे सरकायला जागा उरली नाही. आसाकुसाच्या वेशीवर तर दरवाजाच बंद होता. जवळच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं कैदी होरपळून मरू नयेत म्हणून, परत येण्याच्या बोलीवर, त्यांना सोडून दिलं होतं. कैदी तुरुंग फोडून पळाले अशी बातमी वेशीवर पोचली आणि पहारेकऱ्यांनी दार लावून घेतलं. पेट्या आणि माणसं त्या दारापाशी साचत गेली. आसाई र्‍योइ या लेखकानं १६६१ च्या 'मुसाशी आबुमी' या पुस्तकात या आगीची हकिगत लिहून ठेवली आहे.

एका घरापुरता पाहिला तर चाकांचा उपाय बिनचूक होता. सगळ्या शहरानं एकाच वेळी वापरला आणि तो जीवघेणा ठरला. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: सर्व्हर पडला की हजारो ॲप एकाच क्षणी पुन्हा पुन्हा जोडणी मागू लागतात, आणि उठू पाहणारा सर्व्हर त्यांच्याच भारानं परत आडवा होतो. फरक इतकाच की एदोमध्ये आडवी झाली ती माणसं.

१६८३ मध्ये एदो, क्योतो आणि ओसाका या तिन्ही मोठ्या शहरांत चाकांच्या नागामोचीवर बंदी आली. चाकं गेली, दांडा राहिला.

खण आला

खणांचा तान्सु शहरी घरांत दिसू लागला तो याच सुमारास, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेटीच्या तुलनेत तो महाग. प्रत्येक खणाला स्वतःच्या चार भिंती आणि तळ लागतो, म्हणजे लाकूड जास्त आणि सुताराची मेहनत कितीतरी जास्त. पण शहरातल्या लोकांकडे कपडे वाढत होते, आणि पेटीच्या तळाशी असलेला किमोनो काढायचा तर वरचे सगळे उपसावे लागतात. खणाच्या कपाटात तो त्रास नाही.

मग ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे तान्सु झाले. वैद्याकडे डझनावारी चिमुकल्या खणांचा, एकेका खणात एकेक औषध. दुकानदाराकडे वह्या, शिक्के आणि रोकड ठेवायचा. सामुराईकडे तलवारींचा, लांब उथळ खणांचा. अरुंद घरांत माळ्यावर जायच्या जिन्याखालची जागा वाया जाऊ नये म्हणून जिनाच खणांचा बनवला, पायरीखाली कप्पा.

कपड्यांसाठी सगळ्यात मानाचं लाकूड म्हणजे 'किरी', इंग्रजीतलं पॉलोनिया. जपानी लाकडांमधलं हे सगळ्यात हलकं. दमट हवेत फुगतं आणि फटी बुजवतं, म्हणून आतलं रेशीम कोरडं राहतं. ज्वाळा लागली तरी आधी वरचा थर कोळशासारखा होतो, उष्णता आत सावकाश जाते. चांगल्या कारागिराची खूण अशी की एक खण आत ढकलला की दाबलेल्या हवेनं दुसरा आपोआप बाहेर येतो. खिळेही लाकडाचेच. आणि जुना, काळवंडलेला किरी तान्सु फेकत नाहीत, 'धुतात': कड्या-पट्ट्या काढायच्या, लाकूड साफ करायचं, वरून रंधा मारायचा, की पुन्हा नव्यासारखा. नीगाता प्रांतातलं कामो हे गाव आजही या कामासाठी ओळखलं जातं.

किल्ली कुणाकडे

मुलगी जन्मली की अंगणात किरीचं झाड लावायचं, तिच्या लग्नात तेच तोडून तान्सु करायचा, अशी जुनी रीत सांगतात. किरी भराभर वाढतं, त्यामुळे हिशोब जुळतो. वरातीत तो तान्सु दांड्यावर, लोकांच्या खांद्यावरून मिरवत सासरी जायचा.

ही गोड गोष्ट इथेच संपवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. एदो काळात घटस्फोटाचं पत्र लिहायचा अधिकार नवऱ्याचा होता. पत्र इतकं त्रोटक असे की त्याचं नावच 'साडेतीन ओळी' पडलं. बायकोला सुटका हवी असेल आणि नवरा पत्र देत नसेल, तर कामाकुराच्या तोकेइजीसारख्या मठात धाव घ्यायची आणि तिथे दोन-तीन वर्षं काढायची. या एकतर्फी व्यवस्थेत एक गोष्ट बाईच्या बाजूची होती: माहेराहून आणलेले कपडे आणि सामान तिचं. मोडलेल्या लग्नानंतर ते परत करायचं असे. नवऱ्यानं तिला न विचारता तिचे कपडे गहाण टाकले, तर ते तिच्या बाजूनं घटस्फोट मागायला पुरेसं कारण धरलं जाई.

आपल्याकडे 'स्त्रीधन' हा शब्द आहे, त्यामुळे हे कळायला अवघड नाही. तान्सुच्या खणाला कुलूप असतं. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिच्यासाठी त्या कुलपाच्या आतले खण म्हणजे जगातली तिची सगळी मालकी होती. आणि नांदणं संपलं तर तोच तान्सु त्याच कड्यांत दांडा घालून माहेरी परतायचा.

बुडत्या जहाजातून

तान्सुचा सगळ्यात दणकट प्रकार समुद्रावर होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ओसाकाहून निघून जपानच्या पश्चिम किनाऱ्यानं उत्तरेच्या होक्काइदोपर्यंत 'कितामाएबुने' नावाची व्यापारी जहाजं चालत. वर जाताना तांदूळ, मीठ, साके, कापूस; परत येताना सुकं समुद्री शेवाळ आणि हेरिंग माशाचं खत. बंदरोबंदरी खरेदी-विक्री करत जायचं. पैसा, परवाने, शिक्के, हिशोबाच्या वह्या सगळं कप्तानाच्या 'फुनादान्सु'त, जहाजी कपाटात.

बाहेरून 'केयाकी'चं कठीण लाकूड आणि त्यावर जाड लोखंडी पट्ट्या; आत हलक्या किरीचे खण. सांधे इतके घट्ट की पाण्यात पडलं तरी ते तरंगावं. आत चोरकप्पे: खण काढला की मागे पेटी, पेटीत आणखी एक. सादो बेटावरचं ओगि, साकाता आणि मिकुनी ही बंदरं या कपाटांसाठी प्रसिद्ध होती. लोककलांचे अभ्यासक यानागि सोएत्सु यांनी १९३६ मध्ये टोकियोत लोककला संग्रहालय उभं केलं. या जहाजी कपाटांवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं.

पुन्हा दांडा

१८६८ नंतर जुनी वर्गव्यवस्था मोडली. कुणी किती थाटात राहायचं यावरचे निर्बंधही गेले. शेतकऱ्याच्या घरीसुद्धा ड्रॅगन आणि फुलांच्या लोखंडी नक्षीचे तान्सु आले. पुढे किमोनो रोजच्या वापरातून गेला, घरांत भिंतीतली कपाटं आली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने तान्सु परदेशी घरांच्या दिवाणखान्यांत पोचले. तिथे त्यांच्यावर टीव्ही असतो आणि कड्या शोभेच्या असतात.

भाषेत मात्र तान्सु टिकला. बँकेत न ठेवता घरात ठेवलेल्या रोकडीला जपानी लोक आजही 'तान्सु योकिन' म्हणतात, कपाटातली ठेव. २०११ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर वाहून आलेल्या सुमारे ५,७०० तिजोऱ्या लोकांनी पोलिसांकडे आणून दिल्या. त्यांत जवळपास ३ कोटी डॉलर रोख निघाले, आणि बहुतेक रक्कम मालकांपर्यंत किंवा त्यांच्या वारसांपर्यंत पोचली.

पण त्याआधी, १७ जानेवारी १९९५ ला, कोबेत भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. बहुतेकांचा जीव पहाटेच्या झोपेत, घर आणि घरातलं सामान अंगावर कोसळून गेला. उशाशी उभा असलेला जड तान्सु हाच धोका आहे, हे तेव्हा सगळ्या देशाला कळलं. तेव्हापासून कपाटं भिंतीला पक्की करायला सांगतात, आणि त्यासाठी दुकानात एक साधी वस्तू मिळते: लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा. तो कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये घट्ट बसवायचा.

आग आली की कपाट हलावं म्हणून एकेकाळी दांडा होता. भूकंप आला की कपाट हलू नये म्हणून आज दांडा आहे. मोजायचा शब्द अजून 'साओ'च आहे.