माशाचा रंग कोण पालटतो?

आमच्या मोहोपाड्याकडे पहिल्या पावसात वळगणीचे मासे ओढ्यांतून शेतांत चढतात. कित्येक जातींचे मासे काळ्या तळावर काळवंडतात, पांढऱ्यावर फिकटतात. तळ पारखणारे मुख्यतः डोळे; त्यांचा निरोप कातडीला मज्जातंतू पोचवितात, हे फ्रान्सचे पूशे ह्यांनी १८७६ साली मांडिले. परंतु रक्तही दूताचे काम करिते. रंगपेशींतील काळे कण एकवटून मासा फिकट करणारा अंतःस्राव जपानचे कावाउची व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८३ साली सॅल्मन माशांच्या पियूष ग्रंथींतून वेगळा केला. पुढे त्याच जातीचे द्रव्य उंदरांच्या मेंदूत आढळले. तेथे ते भूक वाढविते! माणसाच्या मेंदूतही ते आहे. तेव्हा ओढ्याकाठी मुलाने माशाच्या रंगाचे कारण विचारिले, तर त्यास हसण्यावारी नेऊ नये.