बोटीची वाट पाहताना

संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा चित्रांच्या सफाईचा म्हणून सांगितला जातो. हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात भूमिका घेऊन वावरतात त्या ऑनलाइन खेळांचा इतिहास मात्र वेळेचा इतिहास म्हणून वाचावा, असे आम्हांस वाटते.

मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' सुरू झाला. त्यातील फ्रीपोर्ट बंदरातून समुद्रापलीकडच्या 'फेडवर' खंडात जायचे, तर धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभे राहावे लागे. मांत्रिकाची शक्ती मंत्रागणिक खर्च होई आणि ती भरून येईपर्यंत त्याला जमिनीवर बसून राहावे लागे. आरंभीच्या पातळ्यांवर तर त्याची उघडी पोथीच सारा पडदा झाकून टाकी. पात्र मेले की शस्त्रे-वस्त्रे प्रेतापाशी राहत. ती आणायला रिकाम्या हाताने त्याच धोक्याच्या जागी परत जायचे, म्हणजे सोबत हवीच.

या रिकाम्या वेळात माणसे बोलत. कंटाळाही येई, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ओळखी, उपकार, भांडणे यांना जागा मिळे ती तेथेच. 'ईस्ट कॉमन्स' नावाच्या प्रदेशातील एका बोगद्यात खेळाडूंनी आपण होऊन बाजार भरवला. ओरडून माल विकणे, घासाघीस, क्वचित फसवणूक, सगळे तेथे होते. रचनाकारांनी त्यातले काहीही आखलेले नव्हते. डिसेंबर २००१ च्या विस्ताराने अधिकृत बाजार दिला. तेथे विक्रेत्याचे पात्र पुतळ्यासारखे उभे राही, खरा खेळाडू जेवायला गेला तरी चाले. ऑक्टोबर २००२ मध्ये दूरच्या प्रदेशांत क्षणात पोहोचवणारी द्वारे आली आणि बोटीची गरज फारशी उरली नाही.

ही घाई कोणी वरून लादली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोकरी-संसार असलेल्याने रात्रीचा तास धक्क्यावर का घालवावा? नोव्हेंबर २००४ मधील 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने हा प्रश्न ओळखला. तेथे मरणाने शस्त्रे जात नसत, एकट्यालाही पुढे जाता येई. डिसेंबर २००९ पासून तर यंत्रच पाच अनोळखी खेळाडू जमवून त्यांना थेट गुहेत नेऊन सोडू लागले. काम झाले की पाचही जण बहुधा एक शब्द न बोलता पांगत. वर्णने गाळून कथानकापुरती कादंबरी वाचणारा विद्यार्थी आम्हां मास्तरांना नवा नाही. येथे ग्रंथच त्या वाचकासाठी छाटून मिळाला.

लोकाग्रहास्तव ऑगस्ट २०१९ मध्ये जुना 'वॉरक्राफ्ट' पुन्हा उघडण्यात आला. जोडी जमवणारे ते यंत्र त्यात नव्हते. वाटा पुन्हा लांब झाल्या होत्या. पूर्वी 'रॅग्नारोस' हा अग्निराक्षस प्रथम पडायला एप्रिल २००५ उजाडला होता, म्हणजे पाच महिने लागले होते. या वेळी तो पहिल्याच आठवड्यात पडला. त्याचे सारे डावपेच खेळाडूंना तोंडपाठ होते.