नाताळचा फराळ आणि घरी येणारी मुले

गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या सुमारास ‘कोंसुआद’ हा शब्द ऐकू येतो. शेजारी आणि सोयऱ्यांकडे पाठवायच्या गोड पदार्थांच्या ताटाला हे नाव आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाचा संबंध सांत्वनाशी आहे आणि त्याची पाळेमुळे उपवासात आहेत. १९१७ च्या धर्मसभेच्या कायदासंहितेनुसार नाताळची पूर्वसंध्या हा उपवासाचा दिवस होता. अशा दिवशी रात्री जो हलका आहार घेण्याची मुभा असे, त्याला पोर्तुगालमध्ये हे नाव मिळाले. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम बदलले. पूर्वसंध्येचा उपवास सुटला, ताट मात्र राहिले.

या ताटात काय असते? नेवऱ्या असतात. म्हणजे आपली करंजीच. गोव्यातील हिंदू घरांत चतुर्थीला हीच नेवरी होते, त्यामुळे ताट शेजारी गेल्यावर ओळख करून द्यावी लागत नाही. रवा-खोबऱ्याचे बोलिन्हे असतात, पेरूच्या गराची पेराद असते. दोदोल म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ एकत्र शिजवून तूप सुटेपर्यंत घोटायचा पदार्थ. त्यास काही तास लागतात आणि ढवळणारा हात थांबला की तळाशी लागतो. बेबिंका त्याहून अवघड. अंड्यातील पिवळा बलक, नारळाचे दूध, साखर व मैदा यांचे पातळ मिश्रण थराथराने भाजायचे. एक थर वरून लालसर झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. आच वरून लागते. पूर्वी झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवीत. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन घरांत फुग्या तळतात. ताडीने किंवा यीस्टने फुगवलेले पीठ मुठीतून पिळून कढईत सोडायचे. ज्याला ते वळण जमले त्याच्याच फुग्या गोल होतात. फळांचा केक घराघरांत पोहोचला तो बराच नंतर, कारण घरी भट्टी नव्हती. वाळूच्या थरावर भांडे ठेवून किंवा बेकरीच्या भट्टीत डबे नेऊन लोकांनी तो भाजला.

या सर्वांत साधा पदार्थ कुलकुल. मैदा, थोडा रवा, नारळाचे दूध, साखर, चिमूटभर मीठ. गोव्यात त्याला ‘किडयो’ म्हणतात, कारण तो अळीसारखा दिसतो. आवळ्याहून लहान गोळी तेल लावलेल्या काट्यावर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची. एका किलो पिठाचे शेकडो कुलकुल होतात. एकटीने बसल्यास रात्र जाते, म्हणून कुटुंब बसते. आमच्या घरी आजोबांच्या वाट्याला फणी असे आणि त्यांचे कुलकुल नेहमी सर्वांत जाड होत. ते कोणीच बाजूला काढीत नसे. तळताना तेच कच्चे राहत, ही गोष्ट वेगळी.

आज हे हात विखुरले आहेत. मुले पुण्यात, बंगळूरला, कॅनडात, आखातात. आखातातील बहुतेक देशांत २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसते. रजा मिळते ती कंपनीच्या सोयीने. २४ तारखेच्या सायंकाळी विमानतळावरून थेट मिस्सासाठी येणारी मुले अनेक धर्मग्रामांत दिसतात. आई-वडील मात्र पंधरा दिवस आधीपासून दोघांनीच सारे करून डबे भरतात, किंवा गुडघे साथ देत नाहीत म्हणून विकत आणतात. विकत आणण्यात दोष नाही. कित्येक भगिनींचा संसार त्या विक्रीवर चालतो. पण मुलांच्या वाट्याला मग केवळ खाणे उरते.

काही वर्षांपूर्वी नाताळनंतरच्या आठवड्यात घरभेटीला गेलो असता एका वृद्ध दांपत्याच्या टेबलावर पाच डबे पाहिले, पाचही बंद. मुलगा ३१ तारखेला येणार होता. “त्याच्या आधी उघडवत नाही, फादर,” माउली म्हणाल्या. मला चहासोबत बिस्किटे मिळाली.

त्यांना जे सांगितले ते येथे लिहितो. उपासनेच्या पंचांगात नाताळ २५ तारखेला सुरू होतो, संपत नाही. अष्टक १ जानेवारीपर्यंत चालते, पुढे प्रकटीकरणाचा सण येतो, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळच असतो. अष्टकातच पवित्र कुटुंबाचा सण आहे. आगमनकाळाच्या चार रविवारांत सारे उरकलेच पाहिजे, असा दंडक ख्रिस्तसभेने घातलेला नाही. उलट आगमनकाळ हा संयमाचा. तेव्हा दोदोल, बेबिंका आधी करावी, विकत आणावी. कुलकुलाचे पीठ मात्र मुले आल्यावर भिजवावे. २६ तारखेच्या दुपारी वर्तमानपत्र पसरून, नातवंडांच्या हाती काटे देऊन बसावे. पीठ ओल्या फडक्याने झाकून ठेवावे, म्हणजे गप्पा लांबल्या तरी सुकत नाही. तळण मंद आचेवर करावे, अन्यथा आजोबांचे कुलकुल कच्चे राहतात.