आकडे येतात कुठून?

२०२० च्या टाळेबंदीत घरोघरी एक नकाशा उघडलेला असायचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा. काळा पडदा, लाल वर्तुळं, कडेला देशांची यादी आणि चढत जाणारी रेघ. यादीतल्या देशावर क्लिक केलं की नकाशा सरके, आलेखही बदले. पोटात गोळा यायचा, तरी बघणं सुटत नसे. माझ्यातल्या मास्तराला मात्र प्रश्न पडे: हे आकडे येतात कुठून, आणि एकदम सगळीकडे बदलतात कसे?

मंडळी, जरा मागे जाऊ. जेम्स वॉटकडे आराखडे काढणाऱ्या विल्यम प्लेफेअरने १७८६ साली लंडनमध्ये ४४ आलेखांचं पुस्तक काढलं. आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. आकडा बदलला की पुन्हा कोरा! त्यातली गंमत अशी, की स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याला एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेघ कशी काढणार? म्हणून त्याने पट्ट्या काढल्या. आपला स्तंभालेख असा आकड्यांच्या टंचाईतून आला. (पाठ्यपुस्तकात हे असतं तर मुलं जागी राहिली असती!)

इंटरनेट आलं तरी सुरुवातीला आलेख म्हणजे चित्रच. दुसरं वर्ष हवं तर अख्खं पान सर्व्हरवरून परत यायचं. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीत एक सोय आली. पान जागेवरच राहायचं आणि मागच्या दाराने फक्त आकडे यायचे. ती मुळात केली होती टपालासाठी, म्हणजे ब्राउझरमध्ये ई-मेल बघता यावी म्हणून. २००५ साली गूगल मॅप्स आलं, जेसी जेम्स गॅरेटने या पद्धतीला 'एजॅक्स' असं नाव दिलं, आणि मग सगळे तिच्यामागे लागले. त्या आकड्यांचं गाठोडं बांधायला डग्लस क्रॉकफर्डने 'जेसन' नावाची सुटसुटीत रीत रूढ केली. नाव, पुढे किंमत, बस्स. माणसालाही वाचता येते.

खरी मेख पुढेच आहे. एका पानावर पाच आलेख असतील आणि प्रत्येकाने सर्व्हरकडे वेगळं मागणं घातलं, तर उत्तरं मागेपुढे येतात. मधल्या काळात तिथला आकडा बदलला तर नकाशा एक सांगतो, रेघ दुसरंच. म्हणून एकदाच मागायचं आणि पाचांना त्यातूनच वाटायचं. वर्गशिक्षक निकालपत्रक एकच करतात आणि सगळ्या गुणपत्रिका त्यावरून लिहितात, तसंच हे.

हॉपकिन्सचं पान लॉरेन गार्डनर आणि त्यांचा विद्यार्थी एन्शेंग डोंग यांनी २२ जानेवारी २०२० ला सुरू केलं. आधी आकडे हाताने भरत, हे ऐकून बरं वाटलं. आकडे सर्वांना खुले होते, त्यामुळे जगभरातल्या कितीतरी आलेखांनी तिथूनच पाणी भरलं. आपल्याकडे स्वयंसेवकांचं 'कोविड१९इंडिया' होतं. त्यांनी ३१ ऑक्टोबर २०२१ ला काम थांबवलं. हॉपकिन्सने १० मार्च २०२३ ला. त्यांच्यावर विसंबलेल्या आलेखांची रेघ त्या तारखेला थांबली. साथ संपली म्हणून नव्हे, नळ बंद झाला म्हणून. गोळा झालेले आकडे विद्यापीठाने संग्रहात ठेवले आहेत.