गाडीतला घुमारा

पनवेल हे जुने बंदराचे गाव. मुंबईची माणसे मचव्याने इथे उतरत आणि घाटाकडे निघत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्या काळी गाडीचा आवाज म्हणजे बैलांच्या घुंगुरमाळा. आज पनवेलजवळच्या कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग निघतो, आणि त्यावरच्या एखाद्या मोटारीतला घुमारा काचा बंद असूनही छातीत धडधडतो. तो घुमवणारा कर्णा म्हणजे सबवूफर.

हा खर्ज निघतो कसा? आपला पखवाज पाहा. डाव्या अंगाला, धुमेला, कणीक थापली म्हणजे कातडे जड होते, सावकाश हलते आणि नाद खाली उतरतो. शिक्षकांनी हे मुलांना जरूर दाखवावे. सबवूफरचा पडदाही असाच मोठा आणि जड असतो.

पडदा हलवण्याची आजची रीत राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ मध्ये मांडली. पण एक अडचण होती. पडदा पुढे गेला की पुढची हवा दबते आणि मागची विरळ होते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की खर्ज मारला जातो. म्हणून पेटी हवी, आणि तीही भली मोठी. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी लहान, हवाबंद पेटी केली. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करू लागली. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी भोकाच्या पेटीचे गणित मांडले. मोटारीच्या डिकीत हा खर्ज मावला तो अशा शोधांमुळे. हवाबंद पेटीचा ठोका बहुधा नेमका आणि आटोपशीर असतो. भोकाची पेटी तेवढ्याच शक्तीत जास्त घुमते, पण जागा जास्त खाते.

आता वॅटचा हिशेब. खोक्यावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा क्षणभराच्या झटक्याचा असतो. तुम्ही आर.एम.एस. हा आकडा विचारा. कर्णा सतत किती शक्ती पेलतो, ते त्यावरून कळते. अँप्लिफायरची शक्ती आणि ओहम त्याच्याशी जुळले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १०० वॅटचे २०० केले तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला जेमतेम फरक जाणवतो. दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. पण कानाची झीज वेगळा हिशेब धरते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचवली, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २. पैसे दुप्पट मोजायचे, आवाज वाढल्यासारखा वाटायचा नाही, आणि कानाची मुदत मात्र निम्मी! बहिरेपण असे दबकत येते, आणि कानाच्या आतल्या गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा दुकानात गेलात तर पखवाजाची साथ असलेला एखादा अभंग लावायला सांगा. थाप न् थाप वेगळी ऐकू येते का, की सगळा गलबला होतो, ते पाहा. शब्द बुडत असतील तर तो कर्णा घेऊ नका. आणि रस्त्यावर आवाज इतकाच ठेवा, की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा तुम्हाला वेळेवर ऐकू यावा.